डब्यातली मावशी

बाईंचा स्वभाव संशयी होता. हे त्या स्वतः चारचौघांत सांगत, दुसऱ्याने सांगितलं की मात्र त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. दुकानदार जरा जास्त गोड हसला की त्या आधी वजनकाट्याकडे बघायच्या. नवऱ्याने न सांगता भांडी घासली की विचारायच्या, "काय फोडलंत?" आणि बहुतेक वेळा काहीतरी फुटलेलं निघायचंच. त्यामुळे जगात त्यांचा कशावर पक्का विश्वास असेल तर तो स्वतःच्या संशयावर.

आता गंमत बघा, अशा या बाई विद्यापीठात मुलांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवत होत्या. विषयाचं नाव 'संवाद'. पुढे रुग्णालयात काम करणारी मुलंमुली त्यांच्या वर्गात बसायची. कोणी परिचारिका होणार, कोणी फिजिओथेरपिस्ट, कोणी क्ष-किरणाच्या खोलीत बसणार. आजारी माणसाशी कसं बोलावं, चिडलेल्या नातेवाइकाला कसं शांत करावं आणि सगळ्यांत अवघड म्हणजे वाईट बातमी कशी सांगावी, हे बाई शिकवायच्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. खुर्ची समोरासमोर नको, जराशी तिरकी हवी. फोन पालथा ठेवायचा. समोरच्याला आधी काय माहीत आहे ते विचारायचं. मग इशारा द्यायचा, "मला तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगायची आहे." मग ती गोष्ट साध्या शब्दांत सांगायची, आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं कोणालाच जमत नसे. माणूस घाबरला की बडबडतो, आणि दुसऱ्याचं दुःख बघून तर फारच घाबरतो, असं बाई दरवर्षी सांगत.

पूर्वी सरावाला रुग्णाचा नातेवाईक म्हणून नाट्यविभागातले एक सर येऊन बसायचे. ते असा काही टाहो फोडायचे की शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमायची. मग विद्यापीठाने डोळ्यांवर लावायची ती यंत्रं घेतली आणि सरांची सुट्टी झाली. त्या यंत्रांचं नाव लांबलचक होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याला 'डबा' म्हणायला सुरुवात केली. डबा डोळ्यांवर चढवला की समोर रुग्णालयातली एक खोली दिसायची, खिडकीत एक कुंडी, आणि खुर्चीवर हातात पिशवी घट्ट धरून बसलेली एक पन्नाशीची बाई. तिचं माणूस आत तपासणीला गेलेलं असायचं. मुलं तिला मावशी म्हणायची. तुम्ही बोलाल तसं ती घाबरायची, भांडायची, रडायची. आणि तुमची नजर, तुमची मान, तुमचा आवाज, तुमचं गप्प बसणं, हे सगळं मोजून यंत्र शेवटी शंभरपैकी गुण द्यायचं. गुण कशाचे, तर भावनिक बुद्धिमत्तेचे.

बाईंनी एकदा डबा घालून बघितला होता. मावशीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं तेव्हा क्षणभर त्यांनाही कसंसंच झालं. पण लगेच त्यांनी डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हिचे डोळे भरतात, पण नाक काही ओलं होत नाही. एवढं रडून नाक न पुसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही."

तरी डबा वर्गात आला आणि मुलांचे गुण भराभर वाढायला लागले. इथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या बाकावरची मुलगी सकाळपासून डोळे पुसतेय हे ज्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळत नाही, त्यांना मावशीच्या मनातलं बरं कळतं! कुठेतरी पाणी मुरतंय, हे बाईंनी ओळखलं आणि त्या पहाऱ्यावर बसल्या.

वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला सगळे 'टॉपर' म्हणत. तो डबा घालून मावशीसमोर बसला होता तेव्हा बाई चवड्यांवर चालत त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्याने बातमी सांगितली, हनुवटी खाली घेतली आणि गप्प बसला. गप्प म्हणजे आवाज बंद. ओठ मात्र हलत होते. बाई कान लावून ऐकायला लागल्या. तो आकडे पुटपुटत होता.

"कोणाचा नंबर आहे हा?" बाईंनी कानाशी विचारलं.

टॉपर असा दचकला की डबा गळ्यात आला. "माझाच आहे बाई."

"मावशीला देतोयस?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बातमी सांगितल्यावर यंत्राला ठरावीक लांबीची शांतता आवडते. लवकर बोललात तर गुण जातात, उशीर केला तरी जातात. कोणीतरी शोध लावला, की आपला फोन नंबर मनात सावकाश म्हटला की वेळ अगदी बरोबर येते. शर्टाचं वरचं बटण लागलंय का बघतो तशी हनुवटी खाली घेतली की यंत्राला ती सहानुभूती वाटते. हे गुपित विषयाच्या दोन्ही तुकड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मावशीला आणि प्राध्यापकांना.

बाई तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पण बाई, मावशीला बरं वाटतंय ना?"

"मावशीला काही वाटत नाही, सर. ती वीज आहे."

"मग तक्रार करायला आहेच कोण?" असं म्हणून ते हसले आणि दुसऱ्या कामाला लागले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण संशय खरा ठरल्याचं समाधान काही कमी नव्हतं. त्या दिवशी त्या घरी जाताना जरा खुशीतच होत्या.

घरी त्या आणि त्यांची मुलगी अशा दोघीच असायच्या. बाईंचे यजमान पुलांची तपासणी करायचे. त्यांची नोकरी फिरतीची, महिन्यातले थोडेच दिवस घरी. मुलीला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आता ती त्याच विद्यापीठात फिजिओथेरपीला होती. आपलंच मूल आपल्या वर्गात नको, या नियमाने तिला संवादाच्या दुसऱ्या तुकडीत घातलं होतं. ती तुकडी बाईंच्या सहकारी मॅडम घ्यायच्या. डबा मात्र तोच, मावशीही तीच.

मायलेकींचं प्रेम होतं, पण त्याला रोज भांडणाची फोडणी लागायची. "ए आई, डोकं नको खाऊस," ही भिंगरीची सकाळची पहिली ओळ, आणि "तुझ्या डोक्यात खाण्यासारखं आहे काय?" हे बाईंचं उत्तर. असं दोन्हीकडून झालं की दोघींचा दिवस बरा जायचा. कोणी बाहेरचं ऐकेल तर म्हणेल, या घरात रोज तलवारी निघतात. पण बाईंना त्यातून सगळं कळायचं. भिंगरी जोरात ओरडली तर पोटात भूक आहे, हळू ओरडली तर परीक्षा वाईट गेली आहे, आणि दार आपटलं तर मैत्रिणीशी बिनसलं आहे.

आणि अचानक तिचं ओरडणंच बंद झालं.

"आई, दमलीस का?" एका संध्याकाळी तिने विचारलं. बाईंनी आधी पर्स तपासली. दुसऱ्या दिवशी तिने बाईंच्या हातातली जड पिशवी न बोलता काढून घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझी झोप नीट होते ना? गोळी घेत नाहीस ना कसली? काही एकदम कळलं तर तुला चक्कर वगैरे येत नाही ना?" बाईंनी यजमानांना फोन लावला.

"अहो, पोरगी गोड बोलायला लागली आहे."

"मग बरंच आहे की!" पलीकडून पुलावरच्या वाऱ्यातून आवाज आला.

"बरं काय त्यात? काहीतरी हवं असेल किंवा काहीतरी लपवायचं असेल."

"अगं, मुलं मोठी होतात. जरा सुखाने राहा की तू. सुखालाही तू पावती मागतेस."

बाईंनी फोन ठेवला, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्या लेकीवर नजर ठेवायला लागल्या. आणि एकदा, त्या विद्यापीठातल्या कटकटी सांगत असताना, भिंगरीने ऐकता ऐकता फोन पालथा ठेवला आणि हनुवटी किंचित खाली घेतली. शर्टाचं वरचं बटण लागलंय का बघतात, तशी.

बाईंच्या काळजात चर्र झालं. त्यांनी बोलणं अर्ध्यावर टाकलं आणि उगीचच उठून गॅस पुसायला लागल्या. म्हणजे हे होतं तर! दुसऱ्या तुकडीची परीक्षा जवळ आली होती, आणि ही घरच्या घरी सराव करत होती. डबा परत केल्यावर मावशी कुठून आणायची? घरात एक आयती बसली आहेच.

खरं सांगायचं तर बाईंना फार लागलं. मुलांनी यंत्राला फसवलं त्याचा त्यांना राग आला होता, त्यात मजाही होती. पण ही पोटची पोर. मागच्या काही दिवसांत बाई, स्वतःलाही कळू न देता, त्या गोडव्याची वाट बघायला लागल्या होत्या. संध्याकाळी कुलूप उघडताना त्यांना वाटायचं, आज विचारेल का ती, दमलीस का म्हणून? आणि तो प्रश्न गुणांसाठी असेल, तर इतक्या वर्षांत या मुलीने आपल्याला खरोखर काही विचारलंच नाही, असा त्याचा अर्थ होत होता. पोरगी आपल्यावर माया करतेय की आपल्यावर अभ्यास करतेय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. थेट विचारायचा धीर नव्हता. संशयी माणसाचं हेच असतं; तो सगळ्यांना प्रश्न विचारतो, हवा तो सोडून.

दोन दिवसांनी जेवणं झाल्यावर भिंगरी म्हणाली, "आई, जरा बसतेस का? बोलायचं होतं."

बाई बसल्या. भिंगरीने आपली खुर्ची ओढली आणि ती समोरासमोर न ठेवता जराशी तिरकी केली. फोन पालथा ठेवला. बाईंच्या ओठांवर हसू यायला लागलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"आई, मागच्या महिन्यात माझी धावपळ चालली होती ना, त्याबद्दल तुला काय काय माहीत आहे?"

पायरी दुसरी, बाई मनात म्हणाल्या. समोरच्याला आधी काय माहीत आहे ते विचारावे. शब्दन्‌शब्द वर्गातला! "मला काय माहीत असणार? तूच सांग," त्या उघड म्हणाल्या.

भिंगरी गप्प झाली. तिने मान खाली घातली. आणि बाईंनी बघितलं, तिचे ओठ हलत होते. अगदी टॉपरसारखे. पोरगी आपल्या आईसमोर बसून फोन नंबर म्हणत होती.

"ओठ हलताहेत," बाई म्हणाल्या. "गुण जातील."

भिंगरीने झटकन वर बघितलं. "काय?"

"खुर्ची छान लावलीस. प्रश्नही ठीक होता. पण नंबर मनात म्हणायचा असतो. आणि शांतता बातमीनंतरची, तू आधीच घेतलीस. शंभरपैकी चाळीस."

 भिंगरीचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "झोप तू," एवढंच म्हणून ती आत गेली. तिने दारही आपटलं नाही. बाईंनी टेबल पुसलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, चोरी पकडली गेली की असंच होतं.

रविवारी सकाळी बाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. भिंगरी येऊन पलंगाच्या कडेवर बसली. तिने एक टॉवेल उचलला, घडी केली, परत मोडली.

"आई, मला तुला एक अवघड गोष्ट सांगायची आहे."

"इशारा उत्तम," बाई म्हणाल्या. "पण डोळे टॉवेलात का? समोरच्याकडे बघायचं."

"आई, हा अभ्यास नाहीये."

"हे वाक्यही माझ्या वर्गातल्या एकाने मावशीला टाकून बघितलं. 'मावशी, मी हे मनापासून बोलतोय.' यंत्राने त्याला वरचे गुण दिले. मी नाही देणार."

"आई, प्लीज. एकदाच. फक्त ऐक."

तिचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एरवी कोणाची आई हातातले कपडे टाकून उठली असती. पण बाईंच्या डोक्यात संशयाने असं घर केलं होतं, की लेकीचं रडणंही त्यांना पायऱ्यांच्या हिशेबात दिसलं. त्यांनी उशीच्या अभ्र्याची नीट चौकोनी घडी केली आणि म्हणाल्या, "रडायचं नाही. बातमी सांगणाऱ्याने रडायचं नसतं, रडणं हे नातेवाइकाचं काम. तुमच्या मॅडमनी एवढंही शिकवलं नाही?"

भिंगरी रडता रडता हसली. ते हसणं ऐकून बाईंना क्षणभर कसंतरी वाटलं. मग ती उठली, आणि जाताना टॉवेल आईच्या मांडीवर ठेवून गेली.

त्यानंतर घरात ना गोडवा राहिला ना भांडण. भिंगरी विचारलं तेवढं बोलायची. "जेवलीस?" "हो." "उशीर होणार?" "नाही." बाई पहिले दोन दिवस स्वतःला सांगत राहिल्या, बघा, नाटक उघडं पडलं आणि खेळ संपला. पण ही शांतता त्यांना ओळखता येईना. भूक, परीक्षा, मैत्रीण, कशातच ती बसत नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवलं, याचा एकदा निकाल लावायचा. दुसऱ्या तुकडीची परीक्षा गुरुवारी होती. परीक्षेत तीच खुर्ची, तीच मान, तेच शब्द दिसले की झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

गुरुवारी बाई आपला तास लवकर सोडून प्रयोगशाळेच्या दाराशी गेल्या. दाराला काच होती. आत मुलं एकेक करून डबा घालत होती, हवेशी बोलत होती, हवेला हात लावत होती. एक मुलगा रिकाम्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला होता. भिंगरीचा नंबर आता येईल म्हणून बाई थांबल्या, मग शेवटी असेल म्हणून थांबल्या. शेवटचा मुलगा डबा काढून केस सारखे करत बाहेर आला. भिंगरी आलीच नव्हती.

मॅडम यंत्रं पुसून खोक्यात ठेवत होत्या. बाई आत गेल्या आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाल्या, "आमच्या बाईसाहेब परीक्षेला दांडी मारून कुठे गेल्या?"

मॅडमनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "दांडी कसली? मीच तिला सूट दिली आहे. तुम्हाला माहीत नाही?"

"कसली सूट?"

"अहो, तिने कधीपासून डबा घातलेलाच नाही. तीनेक आठवडे झाले असतील. सरावाला बसली, मावशीला इशाऱ्याचं वाक्य म्हणाली आणि मध्येच डबा काढून ठेवला. मला म्हणाली, 'मॅडम, मला आता हे खोटं खोटं जमणार नाही. मला हे खरंच सांगायचंय.' मी विचारलं, कोणाला गं? तर म्हणाली, 'आईला.'" मॅडमनी खोकं बाजूला सारलं. "मी पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, घरचं आहे, तिने सांगितलं असेल. परवा मी तुम्हाला जिन्यात विचारलं नाही का, सगळं ठीक आहे ना म्हणून? तुम्ही म्हणालात, 'कशाला विचारताय?'"

 बाईंनी जवळच्या खुर्चीचा हात धरला. मॅडम "पाणी देऊ का?" म्हणत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी असा विचार केला नाही, की ही आपल्याशी एवढं चांगलं का वागतेय.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी सगळ्या शक्यता धरून बघितल्या. कोणाबरोबर लग्न ठरवलं असेल. शिक्षण सोडायचं असेल. दिवस गेले असतील. त्यांनी चालता चालता मान डोलावली, चालेल, तेही चालेल. यजमानांचं काही असेल. पुलावरून पाय घसरला असेल आणि त्यांनी लेकीला गळ घातली असेल, आईला सांगू नकोस म्हणून. नाही, सकाळीच तर फोन आला होता. सिग्नलला त्या उभ्या होत्या आणि हिरवा होऊन परत लाल झाला. ज्या बातमीला सांगणारा एवढी तयारी करतो ती बातमी लहान नसते, हे वाक्य त्या स्वतः फळ्यावर लिहायच्या. पोरीने दोनदा दार वाजवलं होतं, आणि आपण आतून गुण देत बसलो. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की त्या भर रस्त्यात "मूर्ख!" असं मोठ्याने म्हणाल्या, आणि शेजारून जाणाऱ्या गृहस्थांनी वळून बघितलं.

भिंगरी घरीच होती. स्वयंपाकघरात उभी राहून कप विसळत होती. बाई चपला न काढता आत गेल्या आणि टेबलाशी बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जे सांगायचं होतं ते."

भिंगरीने नळ बंद केला. "गुण देणार आहेस?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. आपला आवाज इतका बारीक येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "मी मॅडमना भेटून आले. तू डबा घालत नाहीस हे मला माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं. चुकलं माझं. सांग."

भिंगरीने खुर्ची ओढली नाही, फोन शोधला नाही. ओला कप हातात धरून, ओट्याला टेकून, ती एका दमात बोलत सुटली. "माझ्या काखेत गाठ आहे. आधी वाटलं व्यायामाने आली असेल. मग सुई घालून तपासली, रिपोर्ट आला, ती चांगली नाहीये. डॉक्टर म्हणाले उपचार होतात, बरेच लोक बरे होतात, पण खूप महिने लागतील, केस जातील, आणि अजून तपासण्या आहेत मंगळवारी. मी एकटीच गेले होते गं रिपोर्ट आणायला. मला परत एकटीने नाही जायचं."

सगळं चुकीचं होतं. इशारा नाही, पायऱ्या नाहीत, श्वास घ्यायला जागा नाही. बाईंना एकेक शब्द कळला, त्याचा अर्थ मात्र मागून चालत आला.

"डब्यात नेहमी दुसऱ्याचं सांगायचं असतं," भिंगरी म्हणाली. "तुमचे वडील, तुमचा मुलगा. आपलं आपण कसं सांगायचं ते कोणी शिकवत नाही. आणि सांगायचं कोणाला, तर तुला. डॉक्टर बोलत होते ना, तेव्हा मला माझं काही वाटलंच नाही, फक्त तुझं तोंड दिसत होतं. म्हणून मी बघत होते, तुझी झोप कशी आहे, तुला झेपेल का. मला जे येत होतं तेच मी केलं, आई. दुसरं काय येतं मला? आणि त्या दिवशी नंबर म्हणत होते ना, ते रडू येऊ नये म्हणून."

बाई उठल्या. त्यांनी लेकीच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला आणि तिला जवळ घेतलं. घेतलं म्हणजे धरलं, पडणारी वस्तू धरतात तसं. बाईंना पुष्कळ बोलायचं होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्यांना धड येत नव्हतं. हुंदका आला तो त्यांनी गिळला नाही. भिंगरीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तशा त्या म्हणाल्या, "तू नको. तू काही करू नकोस आता. मंगळवारी मी आहे. प्रत्येक वेळी मी आहे."

मग त्यांनी डोळे पुसले. "कुठे आहे? दाखव."

भिंगरीने आईचा हात धरला आणि आपल्या काखेत नेला. बाईंची बोटं घाबरत पुढे सरकली आणि थांबली. वाटाण्यापेक्षा मोठी होती, टणक.

बाईंनी संशय घेऊन बघितला. मनापासून घेऊन बघितला. रिपोर्टची अदलाबदल झाली असेल. तिथे रोज इतके येतात, नावं चिकटवणारे लोक कसे असतात ते आपल्याला ठाऊक आहे. डॉक्टर नवखा असेल. या वयात कुठे असं होतं? कोणीतरी आपल्याला फसवतंय. एरवी एवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं रुग्णालय डोक्यावर घेतलं असतं. जन्मभर पोसलेला संशय आज एकदा कामाला आला असता, तर त्यांनी पुन्हा कधी दुसरं काही मागितलं नसतं. पण तो उभाच राहीना. बोटाखाली गाठ होती, आणि पोरगी आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"दुखतं का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

बाईंनी तिचं ऐकलं, आणि खरं मानलं.